वास्कोच्या युद्धनौकांना युक्रेनची इंजिने का?

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री कारापूरच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या तीरावर नौकांचा उत्सव भरतो. कागद, पुठ्ठा, बांबू, थर्मोकोल अशा साहित्यातून घडवलेल्या आणि दिव्यांनी उजळलेल्या नौका पाण्यात सोडल्या जातात. डिचोली-सत्तरीतून आलेली माणसे काठावर दाटीने उभी राहून त्या पाहतात. नौका कितीही डौलदार असली तरी तिला पुढे नेण्याचे काम नदीचा प्रवाह, वारा किंवा माणसाचा हातच करतो. ती कशी दिसावी हे तिचा कारागीर ठरवतो. ती कशाने चालावी, हा प्रश्न त्याला पडत नाही.

खऱ्या युद्धनौकेच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर येतो. तोफा आणि क्षेपणास्त्रे पुढे बदलता येतात, जुने रडार काढून नवे बसवता येते. पण इंजिने नौकेच्या तळाशी, तिच्या पोटात बसलेली असतात. त्यांच्या आकारावरून सांगाड्याची रुंदी ठरते, त्यांच्या भुकेवरून इंधनाच्या टाक्या ठरतात आणि त्यांच्या धुरांड्यांवरून वरच्या मजल्यांची मांडणी ठरते. तीस-पस्तीस वर्षांच्या आयुष्यात ही निवड बहुधा एकदाच करता येते.

गोव्याला हा विषय परका नाही. वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये २३ जुलै २०२४ रोजी ‘त्रिपुट’ या फ्रिगेटचे, तर २२ मार्च २०२५ रोजी तिच्या जोडीच्या ‘तवस्य’चे जलावतरण झाले. ‘त्रिपुट’ हे नाव एका बलशाली बाणाचे आणि ‘तवस्य’ हे भीमाच्या गदेचे. प्रत्येकीची लांबी १२४.८ मीटर, रुंदी १५.२ मीटर, वजन सुमारे ३,६०० टन आणि कमाल वेग २८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर. या नौकांचा आराखडा मूळचा रशियाचा, बांधणी गोव्याची आणि त्यांना चालवणारी गॅस टर्बाइने युक्रेनची. रशिया आणि युक्रेन यांच्यात २०२२ मध्ये उघड युद्ध पेटले. मग एकमेकांचे शत्रू झालेल्या दोन देशांची कामगिरी एकाच नौकेत, तीही आपल्या वास्कोत, एकत्र कशी आली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी मोठी युद्धनौका कशाने चालते आणि तिचे इंजिन कोणत्या निकषांवर निवडले जाते, हे समजून घ्यावे लागेल.

वेग दुप्पट, तर शक्ती आठपट

पेडण्यातील केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत उभे राहिले, की पायाखालच्या इंजिनाची थरथर जाणवते. बोट मात्र संथपणेच पुढे सरकत असते. पाणी हे हवेपेक्षा कितीतरी जड माध्यम आहे. त्याला बाजूला सारत जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा असेल, तर शक्ती आठपट लागते. मोठ्या वेगाला नौका स्वतःच उठवलेल्या लाटांशी झुंजू लागते आणि हा हिशेब आणखी महाग होतो.

उदाहरण म्हणून कोचीत बांधलेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ घेऊ. तिच्या चार गॅस टर्बाइनांची एकत्रित शक्ती ८८ मेगावॉट आहे आणि कमाल वेग २८ नॉट. घनाच्या हिशेबाने तीच नौका १८ नॉटने चालवायला सुमारे २३ मेगावॉट पुरतात, म्हणजे जवळजवळ एकाच टर्बाइनचे काम. वेग १४ नॉटवर आणला तर ११ मेगावॉट, म्हणजे एका टर्बाइनची निम्मी शक्ती. वारा, लाटा आणि तळाला चिकटलेले शिंपले यांनी प्रत्यक्षातले आकडे पुढेमागे होतात. पण चित्र हेच राहते.

आता युद्धनौकेचे आयुष्य पाहा. बहुतेक काळ ती १२ ते १८ नॉटच्या बेताच्या वेगाने गस्त घालते, व्यापारी जहाजांना सोबत करते, दूरच्या बंदरांकडे प्रवास करते. पूर्ण वेग तिला क्वचितच लागतो, पण लागतो तेव्हा तो काही मिनिटांत मिळावाच लागतो. पाणबुडीचा माग निघाला, क्षेपणास्त्र येताना दिसले किंवा विमानाला उड्डाण करायचे असले, तर इंजिन गरम होईपर्यंत थांबायला वेळ नसतो. वर्षभर थोडे खाऊन चालणे आणि हाक येताच सर्व बळ लावून धावणे, अशी दोन परस्परविरोधी कामे एकाच नौकेला करायची असतात. इंजिनाच्या निवडीतील सारी ओढाताण यातून जन्मते.

वाफेचे युग आणि १९६१चे मुरगाव

विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात या प्रश्नाचे उत्तर वाफ हे होते. बॉयलरमध्ये पाणी उकळायचे, दाबाखालची वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडायची आणि त्या फिरण्यातून पंखा फिरवायचा. चार्ल्स पार्सन्स या ब्रिटिश अभियंत्याने १८९७ मध्ये स्पिटहेड येथील नौदल संचलनात ‘टर्बिनिया’ ही आपली छोटी बोट सर्वांसमोर भरधाव पळवली आणि १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही टर्बाइनवर चालणारी पहिली मोठी युद्धनौका २१ नॉटने धावू लागली. वाफेच्या यंत्राला शक्तीची मर्यादा जवळजवळ नव्हती. बॉयलर वाढवावेत आणि शक्ती वाढवावी. मात्र थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला तास लागत, यंत्रे अवाढव्य जागा व्यापत आणि त्यांच्या दिमतीला उष्ण, कोंदट खोल्यांत मोठा कर्मचारीवर्ग राबत असे.

गोव्याच्या पाण्यात १८ डिसेंबर १९६१ रोजी जी चकमक झाली, तिच्यात चालनयंत्रणांचे दोन काळ समोरासमोर आले होते. मुरगाव बंदरातील पोर्तुगीज नौका ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ ही १९३४ मध्ये पाण्यात उतरलेली, वाफेच्या टर्बाइनवर चालणारी आणि २१ नॉट वेगाची होती. तिच्यावर चालून गेलेल्या भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेट १९६० मध्ये दाखल झालेल्या, आठ-आठ डिझेल इंजिनांवर २४ नॉटने धावणाऱ्या आणि एकदा टाक्या भरल्या की हजारो सागरी मैल जाऊ शकणाऱ्या होत्या. तोफांच्या माऱ्याने जायबंदी झालेली ‘अल्बुकर्क’ अखेर बांबोळीच्या किनाऱ्यावर रुतली. तो निकाल इंजिनांनी लागला असे कोणी म्हणणार नाही. तोफांची संख्या आणि नौकांचे वय हीच त्याची कारणे. तरीही एका पिढीच्या अंतराने यंत्रे किती बदलली होती, हे त्या दिवशी मुरगावच्या तोंडाशी दिसले. त्याच मोहिमेत समुद्रात दूरवर तैनात असलेली पहिली ‘विक्रांत’ मात्र वाफेवरच चालत होती, कारण विमानवाहू नौकेसाठी तेव्हा दुसरा पर्याय नव्हता.

वाफेची अखेरची मोठी खूण आजही आपल्या शेजारी कारवारला दिसते. रशियाकडून घेतलेल्या ‘विक्रमादित्य’ या सुमारे ४४,५०० टनांच्या नौकेत आठ बॉयलर आहेत. २०१२ मध्ये सागरी चाचणीत पूर्ण वेग गाठताना उष्णतारोधक अस्तर टिकले नाही आणि आठपैकी सात बॉयलर निकामी झाले. दुरुस्ती होऊन नौका नौदलात यायला नोव्हेंबर २०१३ उजाडला. नव्या युद्धनौकांसाठी वाफेचा विचार आता बहुधा अणुभट्टी सोबत असेल तरच होतो.

बार्जवरचे डिझेल आणि विमानातली टर्बाइन

डिझेल इंजिनाची ओळख डिचोली तालुक्याला करून द्यावी लागत नाही. खनिजाने भरलेल्या बार्ज मांडवीतून मुरगावकडे नेणारे तेच यंत्र. प्रत्येक किलोवॉट-तास ऊर्जेसाठी चांगले सागरी डिझेल इंजिन सुमारे २०० ग्रॅम इंधन घेते आणि भार कमी झाला तरी त्याची भूक फारशी बिघडत नाही. त्याचा एखादा सिलिंडर बिघडला तर नौकेवरचेच कर्मचारी तो जागेवर उघडून दुरुस्त करू शकतात. लांब पल्ल्याच्या, संथ गस्तीसाठी याहून काटकसरी यंत्र नाही. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली किनारी गस्तीची जहाजे म्हणूनच डिझेलवर चालतात.

मात्र तेवढ्या शक्तीसाठी डिझेल इंजिन फार जड होते. ‘विक्रांत’ला लागणारे ८८ मेगावॉट केवळ डिझेलवर मिळवायचे, तर इंजिनांची रांगच लावावी लागेल. शिवाय पिस्टनच्या खाली-वर होण्याने जी थरथर उठते ती सांगाड्यातून पाण्यात उतरते आणि पाणबुडीच्या कानांना दूरवरून ऐकू जाते. रबरी आधारांवर इंजिन बसवून हा आवाज बराच दाबता येतो, पूर्णपणे पुसता येत नाही.

गॅस टर्बाइन ही जेट विमानाच्या इंजिनाची बहीण आहे. जगभरच्या युद्धनौकांवर सर्वाधिक दिसणारी अमेरिकी ‘एलएम २५००’ टर्बाइन सी-५ गॅलक्सी या प्रचंड मालवाहू विमानाच्या इंजिनावरून तयार झाली. मूळ यंत्राचे वजन जेमतेम पाच टन आणि शक्ती वीस मेगावॉटच्या वर. थंड अवस्थेतून काही मिनिटांत ती पूर्ण शक्ती देते. तिच्यात खाली-वर आदळणारे भाग नसल्याने थरथर कमी असते. बिघडल्यास ती नौकेवर उघडून बसत नाहीत. हवा आत घेणाऱ्या मोठ्या नळकांड्यातून आख्खी टर्बाइन वर काढतात, तिच्या जागी दुसरी सोडतात आणि काढलेली कारखान्यात पाठवतात.

तिची भूक मात्र विचित्र आहे. पूर्ण भारावर ती डिझेलपेक्षा थोडेसेच जास्त इंधन घेते. पण निम्म्या किंवा त्याहून कमी भारावर चालवली, तर प्रत्येक किलोवॉट-तासामागचे इंधन झपाट्याने वाढते. म्हणजे नौका ज्या वेगाने बहुतेक काळ चालते, नेमक्या त्याच वेगाला टर्बाइन सर्वांत उधळी असते. तिला हवाही अफाट लागते. त्यासाठीची नळकांडी आणि तप्त धुराची धुरांडी नौकेतील मोलाची जागा खातात आणि तो तप्त धूर शत्रूच्या उष्णताशोधक क्षेपणास्त्राला वाट दाखवतो.

उष्ण प्रदेशातील नौदलाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची असते. हवा तापली की ती विरळ होते आणि टर्बाइनची शक्ती घटते. ब्रिटनच्या ‘टाइप ४५’ या सहा विनाशिकांनी हा धडा महागात घेतला. इंधन वाचवण्यासाठी हवा मधेच थंड करणारी नवी टर्बाइन त्यांच्यात बसवली होती. आखाताच्या गरम पाण्यात ती यंत्रणा अपुरी पडू लागली आणि नौकांची वीजच जाऊ लागली. मग सांगाडा कापून जुने दोन डिझेल जनित्रसंच काढायचे आणि मोठ्या शक्तीचे तीन बसवायचे, असा खर्चिक उपाय करावा लागला. अरबी समुद्रात मे महिन्यात चालणाऱ्या नौकेचे इंजिन उत्तर अटलांटिकच्या हवेत मोजलेल्या आकड्यांवर निवडता येत नाही.

दोन यंत्रांचा संसार

एकाला काटकसर जमते, दुसऱ्याला धाव. मग दोघांना एकत्र नांदवावे, हा मार्ग पुढे आला. कल्पना नवी नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात शिडांवर चालणारी गुराबे असत आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांची चपळ गलबते असत. वारा असेपर्यंत शिडे काम करीत. वारा पडला, की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या अडकून पडलेल्या जहाजाच्या पिछाडीला नेत. केवळ शिडांवर विसंबलेली युरोपीय जहाजे अशा वेळी हतबल होत.

आजच्या नौदलांत या जोडीचे काही ठरलेले प्रकार आहेत. ‘डिझेल किंवा गॅस’ या पद्धतीत संथ चालीला डिझेल आणि धावायला टर्बाइन. एका वेळी एकच यंत्र पंख्याला जोडलेले असते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झालेली नवी ‘निलगिरी’ फ्रिगेट या पद्धतीची आहे. ‘डिझेल आणि गॅस’ पद्धतीत गरजेनुसार दोन्ही यंत्रे एकाच वेळी बळ लावतात. वेग मिळतो, पण दोन भिन्न गतींची यंत्रे जुळवणारा गिअरबॉक्स फार गुंतागुंतीचा होतो. तिसरी पद्धत ‘गॅस आणि गॅस’. ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्य’ यांचा आराखडा याच पद्धतीचा आहे: संथ चालीसाठी दोन लहान टर्बाइने आणि धाव घेण्यासाठी दोन मोठी. लहान टर्बाइन पूर्ण भाराच्या जवळ चालत राहिल्याने तिचा उधळेपणा आटोक्यात राहतो.

आपल्या बंदराचे नाव मिरवणारी ‘मुरगाव’ ही विनाशिकाही चार गॅस टर्बाइनांवर चालते. गोवा मुक्तीला साठ वर्षे झाली त्या दिवशी, १९ डिसेंबर २०२१ रोजी, ती प्रथम समुद्रात गेली आणि १८ डिसेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. १६३ मीटर लांब आणि ७,४०० टन वजनाची ही नौका ३० नॉटहून अधिक वेग घेते. तिची टर्बाइनेही युक्रेनचीच आहेत.

विमाने उडवायची असतील तर

विमानवाहू नौकेच्या बाबतीत इंजिनाची निवड थेट विमानाच्या उड्डाणाशी बांधलेली असते. दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर किनाऱ्यावरच विमानवाहू नौकेच्या उंचावलेल्या टोकाची प्रतिकृती उभारलेली आहे. मिग-२९के विमानांचे वैमानिक तेथे सराव करतात. ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ या दोन्ही नौकांवरून विमाने याच पद्धतीने, चढावरून झेप घेऊन उडतात. त्यासाठी नौकेने स्वतः वेगात आणि वाऱ्याच्या दिशेने धावावे लागते. म्हणजे इथे नौकेचा वेग हा विमानाच्या उड्डाणाचाच एक भाग होतो. या पद्धतीत विमानाला इंधन आणि शस्त्रे यांचा पूर्ण भार घेऊन उडणे कठीण जाते.

जड विमाने उडवायची तर त्यांना गोफणीसारखे फेकणारी यंत्रणा हवी. ती जुन्या पद्धतीत वाफेवर आणि नव्या पद्धतीत विजेवर चालते. नौका गॅस टर्बाइनवर चालत असेल, तर तिच्यात मुळात वाफच नसते. म्हणून अशा यंत्रणा प्रामुख्याने अणुशक्तीवर चालणाऱ्या नौकांवर दिसतात. तेथे अणुभट्टी पाणी उकळते, वाफ टर्बाइन फिरवते आणि उरलेल्या शक्तीतून भरपूर वीज मिळते. अमेरिकेची सुमारे एक लाख टनांची ‘जेराल्ड फोर्ड’ दोन अणुभट्ट्यांवर चालते आणि विमाने विजेच्या बळावर फेकते.

अणुशक्तीचे आकर्षण उघड आहे. इंधनासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही, धुरांडे लागत नाही आणि वाचलेल्या टाक्यांत विमानांचे इंधन भरता येते. पण खर्च प्रचंड, मनुष्यबळ वेगळ्या तालमीचे आणि देखभाल दीर्घ. जानेवारी २०२५ मध्ये गोव्याला भेट देऊन गेलेली फ्रान्सची ‘शार्ल द गोल’ ही सुमारे ४२,००० टनांची अणुशक्तीवरील नौका आहे. २०१७-१८ मध्ये इंधन बदलून आधुनिक होण्यासाठी ती सुमारे दीड वर्ष गोदीत होती. फ्रान्सकडे विमानवाहू नौका एकच असल्याने तेवढा काळ त्या देशाकडे समुद्रात दुसरी नव्हती. भारताने ‘अरिहंत’ पाणबुडीसाठी स्वतःची अणुभट्टी बनवली आहे, पण मोठ्या विमानवाहू नौकेला तिच्याहून कितीतरी मोठी लागेल.

सर्व काही विजेवर

अलीकडचा मार्ग विजेचा आहे. डिझेल आणि टर्बाइने यांनी पंखा थेट फिरवायचा नाही. त्यांनी फक्त वीज बनवायची. ती एका ठिकाणी गोळा करून हवी तेव्हा मोटारीला, हवी तेव्हा रडारला द्यायची. इंजिने आणि पंखे यांना जोडणारा लांबलचक शाफ्ट आणि अवजड गिअरबॉक्स नको, म्हणून इंजिने नौकेत सोयीच्या जागी बसवता येतात. गिअरचा आवाज गेल्याने नौका अधिक शांत चालते. ब्रिटनच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गाच्या दोन विमानवाहू नौका अशाच चालतात. वर सांगितलेल्या ‘टाइप ४५’ विनाशिकाही याच पद्धतीच्या आहेत आणि या पद्धतीचा धोकाही त्यांनीच दाखवला: वीज गेली, की वेग, रडार आणि शस्त्रे एकदमच जातात.

भारतीय नौदलाला ही पद्धत हवी आहे. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी पोर्ट्‌समथ येथे भारत आणि ब्रिटन यांनी विद्युत चालनयंत्रणेच्या संयुक्त विकासाबाबत इरादापत्रावर सह्या केल्या. सैनिक आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या भावी मोठ्या नौकांवर ती प्रथम यावी, असा बेत आहे.

आराखड्यात न दिसणारा निकष

आतापर्यंतचे निकष अभियंत्यांचे होते: वेग, वजन, भूक, आवाज, उष्णता. आता वास्कोच्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

सोव्हिएत संघात नौदलाची गॅस टर्बाइने युक्रेनमधील मिकोलाइव्ह शहरात बनत. भारताने १९८०च्या दशकात घेतलेल्या ‘राजपूत’ वर्गाच्या विनाशिका त्याच शहरात बांधल्या गेल्या होत्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि आराखडे रशियात, तर टर्बाइनांचा कारखाना युक्रेनमध्ये राहिला. दोन्ही देशांचे संबंध बरे होते तोवर कोणाला अडचण जाणवली नाही. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि युक्रेनने रशियाला टर्बाइने देणे बंद केले. बाल्टिक समुद्राकाठच्या कॅलिनिनग्राद येथील गोदीत तीन फ्रिगेटचे सांगाडे इंजिनांवाचून अडकले. रशियाला एवढी मोठी नौदल टर्बाइन स्वतः तयार करायला पुढे वर्षे लागली.

भारताने या कोंडीतून मार्ग काढला तो गोव्यात. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी, ब्रिक्स परिषदेच्या निमित्ताने दोन्ही देशांचे नेते बाणावलीत असताना, याच वर्गाच्या चार फ्रिगेटबाबत भारत-रशिया करार झाला. दोन रशियात पूर्ण करायच्या, दोन भारतात बांधायच्या. टर्बाइने भारताने युक्रेनकडून थेट विकत घ्यायची आणि रशियाच्या गोदीला पुरवायची. युक्रेनने भारताला विकायला हरकत घेतली नाही. जानेवारी २०१९ मध्ये गोवा शिपयार्डशी दोन नौकांचा करार झाला. रशियातील ‘तुशील’ ९ डिसेंबर २०२४ रोजी आणि ‘तमाल’ १ जुलै २०२५ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. अशा रीतीने शत्रूदेशाच्या टर्बाइनांवर चालणाऱ्या नौका रशियाने स्वतःच्या गोदीत पूर्ण करून भारताच्या हाती दिल्या.

या साऱ्यात टर्बाइन बदलून टाकणे हा पर्याय का नव्हता? कारण टर्बाइन बदलली, की गिअरबॉक्स बदलतो, तिचे आधार बदलतात, हवेची नळकांडी आणि धुरांडी बदलतात, वजनाचा तोल बदलतो. म्हणजे कागदावर नवी नौकाच आखावी लागते आणि जुन्या आराखड्याचा सारा फायदा जातो. इंजिन निवडले त्या दिवशी त्याच्या कारखान्याशी तीस वर्षांचे नाते जुळते. टर्बाइन दुरुस्तीसाठी बाहेर काढली, तर तिच्या जागी घालायची दुसरी कोठून आणायची, हा प्रश्न दर वेळी त्या कारखान्याच्या दारात नेतो. २०२२ पासून मिकोलाइव्हवर रशियाचे हल्ले होत गेले आणि ते दार किती दूर आहे, हे दिसून आले.

ब्रिटनने हा अनुभव शंभर वर्षांपूर्वी घेतला होता. चर्चिल नौदलमंत्री असताना ब्रिटिश युद्धनौका कोळशाकडून तेलाकडे वळल्या. वेग वाढला, कोळसा उपसणारे हात मोकळे झाले. पण कोळसा घरच्या खाणीतला होता आणि तेल इराणातून आणायचे होते. म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने थेट अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला. इंजिनासाठी केलेल्या त्या व्यवहाराने पश्चिम आशियाचे राजकारण पुढच्या काळात किती ढवळून निघाले, हे सर्वज्ञात आहे.

पुढचा टप्पा

भारतासमोरचा प्रश्न आज तसाच आहे. ‘विक्रांत’ आणि नवी ‘निलगिरी’ यांची टर्बाइने अमेरिकी रचनेची असून त्यांची जुळणी बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये होते. जुळणी येथे होत असली, तरी रचना परकीच आहे. लढाऊ विमानासाठी विकसित झालेल्या ‘कावेरी’ इंजिनाची सुमारे १२ मेगावॉटची सागरी आवृत्ती चाचणीपर्यंत पोहोचली, पण युद्धनौकेत बसली नाही. मोठी सागरी टर्बाइन बनवणारे देश बोटांवर मोजण्याइतके आहेत. तापलेल्या वायूत हजारो तास टिकणारी पाती घडवण्याची विद्या ते सहजी देत नाहीत.

डिझेलच्या बाबतीत मात्र हालचाल आहे. २ एप्रिल २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ६ मेगावॉटचे सागरी डिझेल इंजिन विकसित करण्याचा मंजुरी आदेश दिला. पहिल्या नमुन्याचा खर्च २७० कोटी रुपये, त्यातला ७० टक्के वाटा सरकारचा, आणि इंजिनाचा निम्म्याहून अधिक भाग स्वदेशी असावा अशी अट. ३ ते १० मेगावॉट श्रेणीतील इंजिनांचे सविस्तर आराखडेही याच कामात मोडतात. किर्लोस्करचे नाव मराठी घरांनी कुळागराच्या आणि विहिरीच्या पंपावर वाचलेले आहे. ६ मेगावॉट म्हणजे ‘विक्रांत’च्या एका टर्बाइनची जेमतेम पाव शक्ती, हे इंजिन विनाशिकेला ३० नॉटने पळवणार नाही. मात्र युद्धनौकेचे बहुतेक आयुष्य ज्या संथ वेगाने जाते, तो वेग ते देऊ शकेल. विद्युत नौकांवर तेच इंजिन वीज बनवण्याच्या कामी येईल.

गोव्यासाठी याचा अर्थ रोजच्या कामाचा आहे. वास्कोच्या गोदीत सांगाडा जोडणाऱ्या, नळ बसवणाऱ्या आणि केबल ओढणाऱ्या हातांचे काम इंजिन वेळेवर आले तर पुढे सरकते, नाही तर सांगाडा धक्क्याला उभा राहतो. कॅलिनिनग्रादच्या गोदीने हे अनुभवले आहे. पुढच्या युद्धनौकेची घोषणा ऐकताना तिची लांबी आणि क्षेपणास्त्रे किती, हे बातमीत असेलच. वाचकाने तिसरा प्रश्न आपणहून विचारावा: हिचे इंजिन कोणाचे, आणि वीस वर्षांनी ते बिघडले तर कोणाकडे जावे लागेल?

विठ्ठलापुरात नौका सोडणाऱ्या कारागिराला वाळवंटीचा प्रवाह आयताच मिळतो. वास्कोतून सुटणाऱ्या नौकेला तो विकत घ्यावा लागतो, आणि विकणाऱ्याशी तीस वर्षे संबंध टिकवावे लागतात.